वाकडच्या पुलाखालची चिलापी : खायची की नाही?

गळटाक्या (धागाकर्ता) · ९ मे, रात्री १०:१२

विषय जेवताना वाचण्यासारखा नाही, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या सोसायटीमागून मुळा जाते. पावसाळ्यात जाते, मे महिन्यात नुसती पडून असते. संध्याकाळी पुलाखाली गळ टाकून बसणाऱ्यांचा एक अड्डा आहे, त्यात मीही आहे. मी हौशी, लागलेला मासा सोडून देतो. बाकीचे सोडत नाहीत. बांधकामावरची मंडळी, वॉचमन, एक रिक्षावाले काका. त्यांच्यासाठी ते फुकटचं कालवण. जास्त लागले तर रस्त्याकडेला घमेल्यात मांडून विकलेही जातात आणि लोक घेतात, कारण फडफडणारी चिलापी त्या भावात मंडईत मिळत नाही.

परवा काकांनी माझ्यासमोर एक साफ केली. पाऊण किलोची असेल. पोट फाडलं तर आत अस्तरासारखा काळाकुळकुळीत पडदा आणि आतड्यात काळा चिखल. काका म्हणाले, "हेच ते केमिकल. हे काढलं की मासा चोख." पडदा नखानं खरवडून काढला, हळद-मीठ चोळलं आणि पिशवीत टाकला.

आता प्रश्न. नदीत शिसं, क्रोमियम, कॅडमियम असतं असं पेपरात येतं. त्यातलं माशात किती जातं? काकांनी केलं तेवढ्यानं निघतं का? आणि पाणी इतकं वाईट असेल तर मासे जगतात कसे? पुलाखालची चिलापी तर वर्षागणिक जाडच होतेय.

चिंटू_पाषाणकर · रात्री १०:३१

राव, त्या पुलावरून जाताना मी गाडीची काच वर घेतो आणि तुम्ही तिथं गळ टाकून बसता! दंडवत.

सुगरण_पण_आळशी · रात्री १०:४८

नदीचा मासा उग्रच असतो. हळद, मीठ, लिंबू लावून अर्धा तास ठेवायचा, मग चिंचेचा कोळ आणि भरपूर लसूण. वास नावालाही राहत नाही. आमच्या सासूबाई तर आधी ताकात बुडवून ठेवायच्या.

चिंटू_पाषाणकर · रात्री १०:५२

ताई, वास जाईल हो. शिसं कुठं जाईल?

खवलेमोजणी · रात्री ११:४०

गळटाक्या, चांगला धागा काढलात. महाविद्यालयात मत्स्यशास्त्र शिकवण्यात उमर गेली, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी तो काळा पडदा. तो केमिकलचा नाही. चिलापीच्या पोटाचं आतलं अस्तर जन्मतःच काळं असतं, स्वच्छ तळ्यातल्या चिलापीचंही. शेवाळ आणि गाळ खाणाऱ्या बऱ्याच माशांत असं असतं. काकांनी तो खरवडला म्हणून नुकसान काही नाही, पण धातू त्या पडद्यात नव्हतेच. आतड्यातला काळा चिखल मात्र काढलाच पाहिजे, कारण नदीतले धातू सगळ्यात जास्त त्या गाळातच असतात.

धातू पाण्यात आले की फार काळ पाण्यात राहत नाहीत. मातीच्या कणांना, सेंद्रिय घाणीला चिकटतात आणि तळाशी बसतात. तळाच्या काळ्या, ऑक्सिजन नसलेल्या गाळात सल्फाइडशी त्यांची जोडी जमते आणि तिथं बऱ्यापैकी जखडून राहतात. म्हणून पाण्याचा नमुना तपासला तर अहवाल सोज्वळ येतो, आणि गाळ तपासला तर खरी कुंडली कळते. चिलापी, मांगूर, सकर, झिंगे हे सगळे त्या गाळात तोंड घालून जगणारे.

माशाच्या अंगात धातू दोन वाटांनी शिरतात, कल्ल्यांतून आणि पोटातून. आत गेल्यावर सगळीकडे सारखे पसरत नाहीत. कॅडमियम यकृत आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. तिथं मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन तयार होतं, ते धातू धरून ठेवतं, आणि मासा तगून राहतो. शिसं हाडांत, खवल्यांत आणि कल्ल्यांत जमतं. तांबं यकृतात. आपण जे मांस खातो त्यात यातलं त्यामानानं कमी येतं. अपवाद पाऱ्याचा. गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात, तो थेट मांसातल्या प्रथिनांना धरतो आणि खाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे वाढत जातो. म्हणून पाऱ्याचा प्रश्न असेल तिथं मरळीसारखे शिकारी मासे जास्त धोक्याचे. शिसं आणि कॅडमियम तसे पायरी-पायरीनं मांसात वाढत नाहीत.

आता सुगरणताईंसाठी. धातू हे मूलद्रव्य आहे. हळद, ताक, उकळी, तळण, कशानंही त्याचं दुसरं काही होत नाही. उलट मासा तळला की पाणी उडतं आणि ग्रॅममागचं प्रमाण थोडं वाढतं. ज्यानं खरोखर फरक पडतो ते म्हणजे आतडं, यकृत, कल्ले टाकून देणं. आणि इथंच माझी खरी काळजी आहे. पाऊण किलोच्या चिलापीचे तुकडे खाणारा त्यामानानं बरा. बांधकामावरची मंडळी जे बोटाएवढे मळ्ये आणि झिंगे आख्खे, काट्या-आतड्यासकट, तिखटजाळ करून खातात, त्यांच्या पोटात यकृत, हाडं, गाळ सगळं जातं. मोठ्या माशाचं मुंडकं रश्श्यात उकळणारेही त्यातलेच.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर उद्या देते. पाठ दुखायला लागली.

गळटाक्या · रात्री ११:५५

बाई, हे सोनं आहे. काकांना काळ्या पडद्याचं सांगतो उद्याच. मानणार नाहीत, पण सांगतो.

वाट_चुकलेला · १० मे, सकाळी ७:०५

पण पवनेत, इंद्रायणीत दर उन्हाळ्यात मेलेल्या माशांचा खच पडतो ते धातूंमुळेच ना? पहिल्या पावसानंतरही एकदा हमखास बातमी असते. फेस, मेलेले मासे, आणि कुणीतरी अधिकारी नमुना बाटलीत भरतोय असा फोटो.

खवलेमोजणी · सकाळी ९:२०

बहुतेक वेळा नाही. हे लक्षात ठेवा, कारण सगळी गफलत इथं होते.

उन्हाळ्यात नदीत प्रवाह नाही, मैलापाणी तेवढंच, पाणी तापलेलं. रात्री ऑक्सिजन संपतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि मरतात. बहुधा मोठे आधी मरतात, कारण त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो. पहिल्या पावसात नाल्यांत वर्षभर साठलेली घाण एकदम नदीत उतरते आणि एका रात्रीत ऑक्सिजन खाऊन टाकते. जोडीला अमोनिया असतोच. हे मरण दिसतं, फोटोत येतं.

धातूंनी असा खच पडायचा तर कुणीतरी ॲसिडची टाकी थेट नाल्यात रिकामी करावी लागते. तसंही घडतं. तेव्हा माशांचे कल्ले बघा: चिकट बुळबुळीत थरानं भरलेले असतात. धातूचा चटका बसला की कल्ले भरमसाट श्लेष्म सोडतात आणि त्या थराखालीच माशाचा श्वास कोंडतो.

पण धातूंचं नेहमीचं काम इतकं गाजावाजा करून होत नाही. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातलं मीठ सतत बाहेर पाझरत असतं आणि कल्ले ते पाण्यातून पुन्हा ओढून घेत असतात. तांबं सोडियम ओढणारा हा पंपच बिघडवतं. जस्त आणि कॅडमियम कॅल्शियमच्या वाटेत घुसतात, मग मासा कॅल्शियमला मुकतो. शिशानं पाठीचा कणा वाकतो, शेपटी काळवंडते. आणि ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ते म्हणजे नाक. तांब्याचं प्रमाण मारण्याइतकं नसतानाही माशाची वास घेण्याची ताकद जाते. मासा दिसायला ठणठणीत, पोहतोय, खातोय. पण बाजूचा मासा जखमी झाला की त्याच्या कातडीतून धोक्याचा वास सुटतो, तो याला येत नाही. जोडीदाराचा येत नाही. अंगाच्या कडेनं जी रेषा असते, जिच्यानं त्याला पाण्यातली हालचाल कळते, तिच्यातल्या पेशीही तांब्यानं मरतात.

अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं तर सगळ्यात नाजूक. मोठे मासे दिसत राहतात, पण पुढची पिढी येत नाही. काही वर्षांनी ती जात त्या पट्ट्यातून नाहीशी होते, आणि मेलेला मासा मात्र कुणीच पाहिलेला नसतो.

वाट_चुकलेला · सकाळी ९:४१

मग चिलापी कशी टिकली?

खवलेमोजणी · सकाळी १०:०२

चिलापी चिवट. कमी ऑक्सिजनमध्ये पृष्ठभागालगतचं पाणी कल्ल्यांवरून फिरवून भागवते. शिवाय मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, त्यामुळे ती गाळावर पडून राहत नाहीत. याचा फायदा तिला होत असावा, असा आपला माझा अंदाज. तुमच्या पुलाखालची चिलापी जाड दिसते कारण मैल्यावर शेवाळ माजलंय आणि तिच्या वाटेला जाणारं कुणी उरलेलं नाही. जाड मासा म्हणजे चांगली नदी, असं समजू नका.

इथं कोण कोण होतं ते सांगते. १८३९ मध्ये कर्नल साइक्सनं दख्खनच्या माशांवर लिहिलं. ज्या महाशिराला आज शास्त्रात 'टॉर खुद्री' म्हणतात, त्याचं पहिलं वर्णन त्यात आहे आणि ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलेलं. म्हणजे ज्या पाण्यात आपण आज नाक दाबतो, त्या पाण्यातला मासा आहे तो. १९४२ साली फ्रेझरनं पुण्याच्या माशांची यादी छापली. पुढं पुण्याच्याच अभ्यासकांनी त्या नद्या पुन्हा धुंडाळल्या, तर जुन्या यादीतली बरीच नावं सापडेनात आणि बाहेरून आणलेल्या जाती बोकाळलेल्या. सगळं खापर धातूंवर फोडू नका. धरणं आहेत, वाळूउपसा आहे, मैला आहे, खुद्द चिलापीही आहे. पण वाळू-खड्यांवर अंडी घालणारी, नाकावर जगणारी नाजूक जात या सगळ्यांत आधी जाते, आणि धातू तिला शेवटचा धक्का देतात.

गाळा_नंबर_नाही_सांगत · दुपारी १:३०

मी प्लेटिंगवाला, म्हणजे धातूच्या भागांवर क्रोमियम-निकेलचा मुलामा चढवणारा. भोसरीच्या बाजूला धंदा आहे. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

बाहेरच्यांना वाटतं की आम्ही रोज क्रोमियम नदीत ओततो. बाथमधला, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणाच्या टाकीतला, माल महाग असतो, तो कुणी ओतत नाही. जातं ते धुण्याचं पाणी. जॉब, म्हणजे मुलामा द्यायचा भाग, बाथमधून काढला की त्याच्या अंगावरून द्रावण ओघळतं, मग तो पाण्याच्या टाकीत बुडवतात. दिवसभर हे चालू. हे पाणी पातळ असतं पण भरपूर असतं. एकामागे एक तीन टाक्या लावून उलट्या दिशेनं पाणी फिरवलं तर पाणी खूप वाचतं आणि माल परत मिळतो. पण भाड्याच्या गाळ्यात तीन टाक्यांना जागा कुठाय?

प्रक्रिया अवघड नाही. सहा संयुजेचं, म्हणजे पाण्यात विरघळून राहणारं, क्रोमियम असेल तर आधी सामू (पीएच) दोन-तीनवर आणून मेटाबायसल्फाइटनं ते तीन संयुजेवर आणायचं, मग चुना टाकून साडेआठच्या आसपास खाली बसवायचं. गोम अशी की प्रत्येक धातूचा बसायचा सामू वेगळा. निकेलला जास्त लागतो. त्याच्यासाठी चुना वाढवत नेला की बसलेलं क्रोमियम पुन्हा विरघळायला लागतं. एकाच टाकीत सगळं ढकलणारे इथंच फसतात. आणि खाली बसलेला गाळ धोकादायक कचरा म्हणून रांजणगावला पाठवायचा तर किलोवर पैसे. तो गाळ रात्री कुठं जातो हे मला विचारू नका, मी माझा पाठवतो, पावत्या आहेत.

खरा घात बाथ बिघडल्यावर होतो. ॲसिडची पिकलिंग टाकी, म्हणजे गंज काढायची टाकी, लोखंडानं-जस्तानं भरली की बदलावीच लागते. ती रात्री, पावसात, सुट्टीच्या दिवशी बदलते. नमुना घ्यायला माणूस येतो सकाळी अकरा वाजता.

आता माझी तक्रार. दोष फक्त आमचा नाही. गॅरेज, बॅटरीवाले, सर्किट बोर्ड जाळून तांबं काढणारे, पत्र्याची छपरं, टायरची धूळ, सगळं त्याच नाल्यात येतं.

संपादक मंडळ · दुपारी १:४४

सूचना: कुठल्याही कंपनीचे, गाळ्याचे वा अधिकाऱ्याचे नाव प्रतिसादात घेऊ नये. एक प्रतिसाद अप्रकाशित केला आहे.

आकडेवाला · दुपारी ३:१५

प्लेटिंगवाले साहेब प्रामाणिक वाटतात. त्यांनी नियम तंतोतंत पाळला तरी माशाचं काय होतं ते पाहा.

पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण मानकांनुसार नदीत सोडायच्या सांडपाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम तांबं आणि ५ मिलिग्रॅम जस्त चालतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं जलचरांसाठी ठरवलेली जुनी मर्यादा, मध्यम कठीण पाण्यात, तांब्यासाठी ०.०१३ आणि जस्तासाठी ०.१२ मिलिग्रॅम. म्हणजे तांब्यात सव्वादोनशेपट, जस्तात चाळीसपट अंतर. आपला नियम गृहीत धरतो की सांडपाणी नदीत मिसळून पातळ होईल. मे महिन्यात भोसरी-चिंचवडच्या नाल्यांत पातळ करायला आहे काय? मैलापाणीच.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक बघा. जस्त ५ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १५ पर्यंत चालवून घ्या. आपल्याला जस्त फारसं बाधत नाही. पण ज्या पाण्याला आपण 'पिण्यायोग्य' म्हणू त्यात माशाची पिल्लं मरू शकतात. "पाणी माणसाला चालतंय, मग माशाला काय झालं" हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही.

आणि शेवटचा कहर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत 'डी' वर्ग म्हणजे वन्यजीव आणि मासेमारीला योग्य पाणी. त्याचे निकष: सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला ऑक्सिजन ४ मिलिग्रॅम किंवा जास्त, मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅम किंवा कमी. झालं. धातूंचा उल्लेख नाही. म्हणजे नदी माशांसाठी योग्य ठरते ती धातू न मोजताच.

खवलेमोजणी · दुपारी ४:००

आकडेवाले, बरोबर, पण एक भर घालते. आपलं बेसाल्टातलं पाणी बऱ्यापैकी कठीण आहे. कॅल्शियम भरपूर असला की तो कल्ल्यांवर धातूंची जागा अडवतो. आणि मैल्यातली सेंद्रिय द्रव्यं तांब्याला धरून ठेवतात, मोकळं तांबं कमी उरतं. त्यामुळे अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा मुळेला लावता येणार नाही. विनोद असा की मैला आज माशांना तांब्यापासून थोडं वाचवतोय! उद्या मैलाशुद्धीकरण सुधारलं आणि धातू तसेच राहिले, तर ऑक्सिजन वाढेल आणि तांबंही जास्त झोंबेल. म्हणून दोन्ही एकदम व्हायला हवं.

सिएटलचा_सातारकर · ११ मे, सकाळी ६:१०

इथल्या शहरी ओढ्यांतली गोष्ट सांगतो. कोहो साल्मन समुद्रातून अंडी घालायला ओढ्यात परत येतात. सिएटलच्या आसपास पाऊस पडला की आलेले मासे अंडी घालण्याआधीच गरगर फिरून मरायचे. रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्यातलं काहीतरी मारतंय एवढं कळत होतं. संशय धातूंवर होता, इंधनाच्या अवशेषांवर होता. डिसेंबर २०२० मध्ये खरा गुन्हेगार जाहीर झाला: टायरमध्ये रबर टिकावं म्हणून जे रसायन घालतात, त्याची ओझोनशी क्रिया होऊन बनणारं ६पीपीडी-क्विनोन.

म्हणून धातू सुटले असं नाही. कोहोची पिल्लं घेऊन प्रयोगशाळेत पाहिलं, तर लिटरला काही मायक्रोग्रॅम तांब्यातच त्यांचं नाक बधिर होतं आणि शिकारी मासा आला तरी ती थिजून बसायचं सोडून पोहत राहतात. तांबं यायचं कुठून, तर गाड्यांच्या ब्रेकपॅडमधून. दर वेळी ब्रेक दाबला की थोडी पूड रस्त्यावर. २०१० मध्ये वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया दोन्ही राज्यांनी ब्रेकपॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्यानं कमी करायचा कायदा केला. कॅलिफोर्नियात २०२५ पासून अर्ध्या टक्क्यावर. कंपन्यांनी कुरकुर केली आणि बदललेही.

पुण्यातल्या दुचाक्यांची संख्या आठवली की मला तिकडच्या माशांची काळजी वाटते. टायरमध्ये जस्ताचं ऑक्साइडही असतं, तेही येतंच नाल्यात.

चिंटू_पाषाणकर · सकाळी ८:३०

अवांतर: सातारकर, तिकडं बांगडा मिळतो का हो?

सिएटलचा_सातारकर · सकाळी ८:४२

गोठवलेला. विषय काढू नका.

भिगवणचा · सकाळी ११:१८

मी उजनीकाठचा, भोई समाजातला. सगळं वाचलं. पुण्याचं जे काय असतं ते मुळा-मुठेतनं भीमेत आणि भीमेतनं आमच्या धरणात येतं. उजनी ११७ टीएमसीचं, प्रवाह थांबला की गाळ तिथंच बसतो. चिलापी आम्हीच धरतो आणि ती परत पुण्याच्याच बाजारात जाते. हे कुणी लिहीत नाही.

एक विनंती आहे. पेपरात "उजनीच्या माशांत विष" असं छापून आलं की दुसऱ्या दिवशी व्यापारी निम्म्या भावानं मागतो. घाण केली शहरानं, भाव पडला आमचा. नाव घ्यायचंच असेल तर आधी कुठल्या माशात, कुठल्या अवयवात, कुठल्या ठिकाणी, ते सांगा. आम्हाला पण पाहिजे ते. आमची पोरंबाळं रोज खातात.

जाळ्यात दिसणारा फरक म्हणाल तर आधी खडशी, कोळशी, वाम, शिंगटा, सगळं यायचं. आता चिलापी आणि तो काटेरी सकर. सकर जाळं फाडतो, कुणी खात नाही, काठावर फेकून देतो.

आकडेवाला · सकाळी ११:५०

भिगवणचे दादा, तुमच्या मुद्द्यात मोठा पेच आहे, तो सांगतो. माशांतल्या धातूंचे बरेच शोधनिबंध प्रमाण देतात सुक्या वजनावर. मासा वाळवून, पूड करून. खाण्याची कायदेशीर मर्यादा मात्र ओल्या वजनावर असते. शिशाची मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम, ती ताज्या माशासाठी. माशाच्या मांसात पाऊण हिस्सा, कधी जास्तच, पाणी असतं. सुक्या वजनावरचा आकडा आपोआप चार-पाचपट दिसतो. सुकटीच्या भावाची ओल्या जवळ्याशी तुलना केल्यासारखं आहे ते. बातमीदार तो आकडा घेतो, ०.३ च्या शेजारी ठेवतो आणि "पाचपट विष" असा मथळा होतो. दुसरी चलाखी: आकडा यकृताचा, मथळा माशाचा.

पण उलटही होतं. अहवालात 'आढळले नाही' लिहून येतं आणि यंत्राला किती बारीक मोजता येतं ते लिहिलेलंच नसतं. ज्या यंत्राला ०.५ च्या खालचं दिसत नाही त्यानं ०.३ ची मर्यादा पाळली गेली असं कसं सांगायचं?

खाडीकडची · दुपारी १२:३०

ठाणे खाडीच्या कोळीवाड्यातून. आमच्याकडे हे जुनं दुखणं आहे. मासा पळतो तरी, पण कालवं आणि शिंपल्या जागच्या जागी बसून दिवसभर पाणी गाळतात, त्यामुळे खाडीत काय आलं ते आधी त्यांच्या अंगात येतं. माझी आजी भरती उतरली की चिखलात उतरून निवट्या धरायची, कालवं फोडायची. आई पण जायची. मी पोरांना खाडीचं कालव देत नाही, बाहेरचं आणते. आणि विकणारी मीच आहे, म्हणून सांगते, गिऱ्हाईक कुठलं आहे ते विचारत नाही. स्वस्त आहे का विचारतं.

नदीकाठ_पाहणारा · दुपारी २:०५

बाई म्हणाल्या की गाळात धातू सल्फाइडशी जखडलेले असतात. मग पुण्यात नदीकाठ सुधारायच्या कामात यंत्रं घालून गाळ उपसतात तेव्हा?

खवलेमोजणी · दुपारी २:४०

तेच विचारायला हवं. काळा गाळ ढवळला आणि त्याला हवा लागली की सल्फाइडचं सल्फेट होतं आणि धरून ठेवलेले धातू मोकळे सुटू लागतात. काही काळ खालच्या पाण्यात प्रमाण वाढतं. म्हणून उपसण्याआधी गाळाचे खोलवरचे नमुने घ्यावेत, आणि उपसलेला गाळ कुठं टाकला ते लिहून ठेवावं. शेतात टाकायला फुकट मिळतो म्हणून शेतकरी आनंदानं नेतो. पालेभाजी कॅडमियम छान ओढते, एवढंच सांगते.

गळटाक्या · रात्री ९:५०

ठरलं. आम्ही पुलाखालचे चौघं वर्गणी काढून तपासणी करतोय. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेची, मान्यता असलेल्या एका प्रयोगशाळेत विचारलं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा. काय पाठवू, कसं पाठवू?

(काकांना काळ्या पडद्याचं सांगितलं. म्हणाले, "मग बाई येऊन खरवडतील का?")

खवलेमोजणी · रात्री १०:२५

काकांना नमस्कार सांगा, बोलावलं तर येईन.

एक मासा पाठवू नका. एकाच जातीचे, साधारण एकाच मापाचे पाच तरी घ्या आणि त्यांचं मांस एकत्र करायला सांगा. मांस वेगळं आणि यकृत वेगळं तपासा, आकडे ओल्या वजनावर मागा, आणि यंत्राची किमान मोजणी किती ते अहवालावर लिहून घ्या. मासे धरल्यावर लगेच स्वच्छ पाण्यानं धुवा, नव्या प्लॅस्टिक पिशवीत घालून बर्फात ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळू नका. जागा, तारीख, लांबी, वजन वहीत. शिवाय बोटाएवढे मळ्ये आख्खे, आतडं न काढता, एक वेगळा नमुना म्हणून द्या. मला त्याचाच आकडा बघायचाय.

आणि तुलनेला दुसरी जागा हवीच. मुळशीच्या बाजूला, शहराच्या वर, तीच जात मिळाली तर उत्तम. नुसता वाकडचा आकडा आला तर त्याचा अर्थ लावता येणार नाही.

गाळा_नंबर_नाही_सांगत · रात्री १०:४०

क्रोमियमचे पैसे माझ्याकडून. नाव नको.

भिगवणचा · रात्री ११:०२

उजनीची चिलापी मी पाठवतो. रविवारी पहाटेची एसटी आहे, बर्फाच्या डब्यात पाच मासे देतो, स्वारगेटला कुणीतरी उतरवून घ्या. आकडा काय येईल तो येऊ दे, पण धाग्यावर टाकायच्या आधी मला फोन करा.

गळटाक्या · रात्री ११:०९

दादा, व्यनि (खासगी निरोप) केलाय. मुळशीकडे गळ टाकायला कोण येतंय? चिंटू, तुमची गाडी मोठी आहे.

चिंटू_पाषाणकर · रात्री ११:१५

येतो. काच खाली ठेवून.